पीडीएफ केली म्हणजे खासगी झालं असं नाही

समजा, तुमचा विषय आहे मधुमेहाच्या रुग्णांचा औषधोपचार आणि फील्डवर्क आहे कुंडलमध्ये. एका घरात आजी पिशवीतून डॉक्टरांच्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा काढतात. "घे की बाळा, काय पायजे ते फोटो काढ." तुम्ही आठ-दहा फोटो घेता. संध्याकाळी गाईडला एकच फाईल पाठवायची म्हणून समोर आलेली पहिली फुकटची वेबसाइट उघडता. फोटो टाकले, पीडीएफ आली.

घोळ इथेच होतो. अशा बहुतेक साइट्सवर पीडीएफ तुमच्या मशीनवर बनत नाही, फोटो आधी त्यांच्या सर्व्हरवर जातात. 'तासाभरात फाईल डिलीट होते' असं लिहिलेलं असतं, पण ते तपासणार कसं? आजींनी संमती तुम्हाला दिली होती, त्या साइटला नाही. आयसीएमआरच्या २०१७ च्या नैतिक मार्गदर्शक तत्त्वांत गोपनीयतेची जबाबदारी संशोधकावरही आहे. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात संशोधनाला सूट आहे खरी, पण ठरवून दिलेली मानकं पाळली तरच.

खरं तर पीडीएफसाठी इंटरनेट लागतच नाही. अँड्रॉइडवर फोटो उघडून प्रिंट म्हणायचं आणि प्रिंटरच्या जागी 'सेव्ह ॲज पीडीएफ' निवडायचं. विंडोजमध्ये 'मायक्रोसॉफ्ट प्रिंट टू पीडीएफ' आहे. एअरप्लेन मोड लावून एकदा करून बघा. मात्र गॅलरीचा ऑटो बॅकअप चालू असेल तर पीडीएफ करायच्या आधीच फोटो क्लाउडवर गेलेला असतो. तो फील्डवर जायच्या आधीच बंद करा.

दुसरी गोष्ट लोकेशनची. कॅमेऱ्याचं लोकेशन चालू असेल तर प्रत्येक फोटोत अक्षांश-रेखांश लिहिले जातात. गावात त्यावरून थेट घर सापडतं. पीडीएफ केली की हे पुसलं जातं असं वाटतं, पण आयएमजीटूपीडीएफसारखं साधन जेपीजी जशीच्या तशी पीडीएफमध्ये ठेवतं. फोटो परत बाहेर काढला की लोकेशनही बाहेर येतं. म्हणून एक्झिफटूलने आधी फोटो साफ करायचा, मग पीडीएफ. हे टूल मूळ फोटोची प्रत 'ओरिजिनल' अशी शेपटी लावून त्याच फोल्डरमध्ये ठेवतं. लोक ती विसरतात आणि अख्खं फोल्डर शेअर करतात!

नाव झाकण्याचंही तसंच. पीडीएफवर काळा चौकोन टाकला तर तो अनेकदा नुसता वर ठेवलेला कागद असतो, उचलला की खाली नाव. ओसीआर केलेलं असेल तर नाव चक्क कॉपी-पेस्ट होतं. फोटोतच नावाचा भाग कापून टाका. ओसीआर त्यानंतर.

एवढं करूनही माणूस ओळखू येऊ शकतो. १९९७ मध्ये लतान्या स्वीनी एमआयटीत विद्यार्थिनी होत्या. नावं काढून टाकलेल्या आरोग्य-नोंदी त्यांनी २० डॉलरला मिळणाऱ्या मतदार यादीशी जुळवल्या आणि मॅसॅच्युसेट्सच्या गव्हर्नरची नोंद शोधून काढली. जन्मतारीख, लिंग आणि पिनकोड एवढंच पुरलं. कुंडलमध्ये तर वय, तारीख आणि डॉक्टरांचं नाव दिसलं तरी शेजारचा माणूस ओळखेल. चिठ्ठीवर टेनोफोविर, लॅमिवुडिन आणि डॉल्युटेग्राविर एकत्र असतील तर एचआयव्हीचे उपचार चालू असल्याचं जाणकाराला लगेच कळतं, आजाराचं नाव कुठे लिहिलेलं नसलं तरी. त्यामुळे लेटरहेड, केस नंबर आणि क्यूआर कोडही कापा. तारखेऐवजी महिना ठेवा. नावाच्या जागी सांकेतिक क्रमांक द्या आणि त्याची यादी वेगळ्या, पासवर्ड घातलेल्या फाईलमध्ये ठेवा.

माझं मत विचाराल तर फोटो काढायच्या आधीच थांबून बघा, तो हवाय का? अभ्यास औषधखर्चाचा असेल तर चिठ्ठीवर किंमत नसतेच, ती मेडिकलच्या बिलावर असते. औषध, डोस आणि रक्कम वहीत तिथेच उतरवून घ्यायला पाच मिनिटं लागतात. चिठ्ठ्या आजींच्या पिशवीतच राहतात.