टाच दुखतेय? बुटात काय घालायचं ते आधी समजून घेऊ

फजरला उठून पहिलं पाऊल जमिनीवर टेकलं की टाचेत खिळा घुसल्यासारखी कळ येते. दहा-वीस पावलं चाललं की जरा बरं वाटतं, आणि संध्याकाळी पुन्हा तेच. गारगोटीत आणि आसपासच्या गावांत ही तक्रार घरटी ऐकायला मिळते. चाळिशी ओलांडलेल्या आपल्या खाला-फुफ्या, दिवसभर दुकानात उभे राहणारे, आणि आम्ही शिक्षक. फळ्यापुढं पाच-सहा तास उभं राहणं हेच आमचं काम. यातले बरेच जण ‘वात आहे’ म्हणून सोडून देतात, नाहीतर मेडिकलमधून दिसेल ते जेलचं पॅड आणून बुटात टाकतात.

आधी दुखतं काय ते बघू. टाचेच्या हाडापासून बोटांच्या मुळापर्यंत तळपायाखाली एक जाड, चिवट पट्टा असतो. पायाची कमान तोच ताणून धरतो. वजन वाढलं, तासन् तास कडक फरशीवर उभं राहणं झालं, पोटरीचे स्नायू आखडले, कमान अगदी सपाट किंवा फार उंच असली, की हा पट्टा टाचेजवळ जिथं चिकटलेला असतो तिथं त्याच्यावर ताण येत राहतो. रात्रभर पाय सैल पडलेला असतो, त्यामुळं पहिल्या पावलाला तो एकदम ताणला जातो. एक्स-रेमध्ये ‘हाड वाढलंय’ असं दिसलं की लोक घाबरतात. पण असं वाढलेलं हाड टाच कधीच न दुखलेल्या कितीतरी लोकांतही सापडतं. त्यामुळं नुसत्या एक्स-रेवरून ऑपरेशनच्या गोष्टी करू नयेत.

आता इनसोल, म्हणजे बुटाच्या आत घालायचा तळ. दुकानात तो हातात घेतला की अंगठ्यानं कमानीचा उंचवटा दाबून बघा. सहज चपटा झाला तर अंगाचं वजन पडल्यावर तो काहीच आधार देणार नाही. फोमचे मऊमऊ इनसोल हाताला छान लागतात, पण थोड्याच दिवसांत बसतात. टाचेच्या जागी वाटीसारखा खोलगटपणा हवा, म्हणजे टाचेखालची नैसर्गिक चरबी बाजूला पसरत नाही. फक्त टाच दुखत असेल आणि कमानीत काही त्रास नसेल तर सिलिकॉनचं हील पॅड पुरतं. मात्र ते दोन्ही बुटांत घालायचं, नाहीतर एक पाय उंच होऊन कंबर कुरकुरायला लागते.

कमान कशी आहे हे कळायला वजू केल्यावर ओल्या पायानं कोरड्या फरशीवर उभं राहून ठसा बघावा. पूर्ण पाऊल उमटलं तर कमान सपाट. टाच आणि चवडा यांना जोडणारी बारीकच पट्टी उमटली किंवा तीही नाही, तर कमान उंच. हा फक्त अंदाज. खरी कसोटी म्हणजे इनसोल घालून दुकानातच दहा मिनिटं चालणं. कमानीत गोटी टोचल्यासारखं वाटलं तर तो तुमचा नव्हे, मग दुकानदार ‘सवय होईल’ म्हणो की काही म्हणो.

बूटही तसाच लागतो. आधीचा तळ काढता येणारा बूट घ्या आणि तो काढूनच नवा घाला. एकावर एक ठेवले की टाच बाहेर निसटते. बुटाची मागची बाजू कडक हवी आणि बूट बोटांपाशी वाकावा, मधोमध नको. खरेदीला संध्याकाळी जा, पाय तेव्हा थोडे सुजलेले असतात. पहिल्या दिवशी तासभरच घाला आणि आठ-दहा दिवसांत वेळ वाढवत न्या.

मापानं बनवलेले महागडे इनसोल घ्यावेत का? १९९९ साली अमेरिकेत टाचदुखीच्या २३६ रुग्णांवर झालेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. सगळ्यांना पाय ताणण्याचा व्यायाम दिला होता. आठ आठवड्यांनी साधं सिलिकॉनचं पॅड वापरणाऱ्यांपैकी ९५ टक्के लोकांना फरक पडला, नुसता व्यायाम करणाऱ्यांपैकी ७२ टक्के, आणि मापाचे इनसोल वापरणाऱ्यांपैकी ६८ टक्के. २००६ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या १३५ रुग्णांच्या अभ्यासात तयार आणि मापाचे इनसोल जवळपास सारखेच ठरले, आणि वर्षभरानंतर साध्या पातळ फोमच्या तुलनेतही फारसा फरक उरला नाही. तेव्हा सुरुवात काही शे रुपयांच्या तयार इनसोलनं करावी, हजारोंचा खर्च नंतर बघता येतो.

व्यायाम मात्र सोडू नका, आणि त्याला पैसे लागत नाहीत. अंथरुणातून उतरण्याआधीच दुखरा पाय दुसऱ्या मांडीवर घ्या, हातानं बोटं नडगीकडं ओढा, दहा आकडे मोजा, सोडा. असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. दुखणं आठवड्यात जात नाही, बऱ्याचदा काही महिने लागतात, पण बहुतेकांचं वर्षभरात ऑपरेशनविना बरं होतं.

आपल्याकडची खरी अडचण वेगळी आहे. बुटात घालायचा इनसोल बूट घालणाऱ्याला. आपल्या बायका दिवसभर फरशीवर अनवाणी आणि बाहेर सपाट चपलेत. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, अभिमान आहेच, पण तिचा तळ सपाट आणि कमानीला आधार नाही. दुखणं असेपर्यंत ती लग्नकार्यापुरती ठेवा. घरात वापरायला कमानीला उंचवटा असलेली मऊ तळाची वेगळी चप्पल ठेवा, निदान ओट्याजवळ उभं असताना तरी. उमऱ्याला जाणाऱ्यांनीही अशीच चप्पल महिना-दीड महिना आधी घेऊन वापरात आणावी. सईच्या सात फेऱ्यांतच तीन किलोमीटरच्या वर चालणं होतं, आणि तवाफ संगमरवरावर अनवाणी.

मधुमेह असलेल्यांनी मात्र हे सगळं डॉक्टरांना पाय दाखवल्यावरच करावं. रुईचं पान ठेवून तापलेल्या विटेनं टाच शेकण्याची पद्धत घरोघरी आहे. मधुमेहात तळपायाची संवेदना कमी झालेली असली की चटका कळत नाही, जखम होते आणि गोष्ट बोट काढण्यापर्यंत जाऊ शकते. अशा अम्मी-अब्बांना वीट अजिबात देऊ नका. कडक इनसोलही त्यांना नको, तो घासून जखम करतो. त्यांच्यासाठी एमसीआर रबराची चप्पल मिळते, कुष्ठरोगाने बधिर झालेल्या पायांसाठी वापरात आलेली. कोल्हापुरात सीपीआरमध्ये दाखवून ती कुठं मिळेल हे विचारता येईल.

टाच सुजून लाल झाली, ताप आला, रात्री झोपेतही दुखू लागली किंवा पायाला मुंग्या येऊ लागल्या तर इनसोलच्या नादी न लागता दवाखाना गाठावा. तरुण मुलाच्या दोन्ही टाचा दुखतात आणि सकाळी कंबरही आखडते, तेव्हा संधिवाताची तपासणी करून घ्यावी. आठ ते चौदा वर्षांच्या मुलांचं आणखी वेगळं असतं. फुटबॉल किंवा कबड्डी खेळून आल्यावर मूल लंगडतं, कारण टाचेचं वाढतं हाड अजून पक्कं झालेलं नसतं. त्याला ‘सराव चुकवायचे बहाणे’ म्हणून पळायला लावू नका. काही आठवडे धावणं-उड्या कमी, टाचेखाली मऊ पॅड आणि पोटरीचे ताण एवढ्यावर बहुतेक मुलं बरी होतात, आणि शाळेत पीटीच्या सरांना तसं चिठ्ठीनं कळवलं तर तेही समजून घेतात.