मायामीतले स्थलांतरित आणि मजुरीचा हिशेब

बाहेरचे कामगार आले की स्थानिकांची मजुरी घटते, हा समज स्वाभाविक असला तरी अपुरा आहे. १९८० मध्ये क्यूबाच्या मारिएल बंदरातून सुमारे सव्वा लाख माणसे अमेरिकेत आली आणि त्यांतले बरेच जण मायामीत राहिल्याने तिथली कामगारसंख्या जवळपास सात टक्क्यांनी वाढली. तरीही अर्थतज्ज्ञ डेव्हिड कार्ड यांना १९९० च्या अभ्यासात अल्पकुशल स्थानिकांच्या मजुरीत लक्षणीय घट आढळली नाही. येणारा माणूस काम मागतो, तसाच घर भाड्याने घेतो, किराणा भरतो. त्यातून नवी कामेही निघतात. दुसरे अर्थतज्ज्ञ जॉर्ज बोर्हास यांना मात्र याच घटनेच्या अभ्यासात शालेय शिक्षण अर्धवट राहिलेल्या पुरुषांची मजुरी बरीच घसरलेली दिसली. आक्षेप गंभीर आहे, पण त्यांचा नमुना फारच लहान होता. तरीही झळ बसलीच, तर ती सर्वांत दुबळ्यांना बसेल. म्हणून त्यांना किमान वेतनाचे आणि प्रशिक्षणाचे बळ द्यायला हवे.