काला अंब : आधी चाला, मग बोला

दिल्लीहून कर्नालच्या रस्त्यानं निघालं की साधारण नव्वद किलोमीटरवर पानिपत लागतं, आणि शहराबाहेर काला अंब. आज लढाईबद्दल थोडं बोलतो, तिथल्या बागेत चालण्याबद्दल जास्त.

१४ जानेवारी १७६१. रसद तुटलेली, उपाशी फौज पहाटे छावणीतून बाहेर पडली. इथलं आंब्याचं झाड रक्तानं काळं पडलं, अशी आख्यायिका आहे. झाड आता नाही, विटांचा स्तंभ आहे. भोवती हिरवळ, झाडं, पायवाटा.

फौजेत आम्ही जुन्या लढाया जमिनीवर चालून शिकायचो. तरी पहिल्यांदा ओळखीच्या मराठी मंडळींना इथं आणलं तेव्हा मी तासभर भाषणच ठोकलं. मग वाद पेटला. होळकर का निघून गेले, भाऊंनी हत्ती का सोडला... जमिनीकडे कुणी पाहिलंच नाही. सोसायटीची मीटिंग उरकून आल्यासारखे परतलो.

आता पद्धत बदलली आहे. आठ-दहा माणसं पुरतात. फोन बंद. पहिली फेरी मुक्यानं, सगळ्यात हळू चालणाऱ्याच्या वेगानं. पाऊल टेकतं कसं, श्वास कुठवर जातो, कुठला पक्षी ओरडतो, एवढंच बघायचं. मन भटकणारच, रागावू नका, परत पावलावर आणा. यात नवं काही नाही. व्हिएतनामचे भिक्षू तिक न्यात हान्ह असंच चालायला शिकवत, आणि झाडांत निवांत फिरण्याला जपानच्या वनखात्यानं १९८२ साली ‘शिनरिन-योकू’ असं नावही दिलं.

दुसरी फेरी जोडीनं. दहा मिनिटं एकानं बोलायचं, दुसऱ्यानं फक्त ऐकायचं, मग उलट. सल्ला नाही, ‘माझंही अगदी असंच झालं’ नाही. समोरासमोर बसलं की माणूस चेहरा सांभाळतो. खांद्याला खांदा लावून चालताना नजर वाटेवर असते, त्यामुळे अडलेलं सुटतं.

गेल्या हिवाळ्यात माझ्या जोडीला माझ्या मुलाच्या वयाचा एक आयटीवाला होता. काय बोलावं सुचेना, आणि अचानक १९९९ सालचा माझ्या तुकडीतला एक जवान तोंडावर आला. त्याच्या घरी मी पत्र लिहिलं होतं, की त्याला काही कळलं नाही, क्षणात गेला. ते खरं नव्हतं. हे मी बायकोलाही कधी सांगितलं नव्हतं. तो पोरगा काही बोलला नाही. माझा गुडघा बघून त्यानं चाल तेवढी कमी केली. त्याची पाळी आली तेव्हा म्हणाला, “कोविडमध्ये बाबांना शेवटचं फोनच्या स्क्रीनवर पाहिलं.” मीही गप्प राहिलो. फार अवघड गेलं. हुकूम द्यायची सवय!

मात्र कुणाला बोलतं करायच्या मागे लागू नका. युद्धाची, मृत्यूची आठवण प्रत्येकाला उघड्यावर झेपत नाही. नुसतं चाललं तरी चालतं.

शेवटी स्तंभापाशी थर्मासमधला चहा. होळकरांचा वाद तेव्हा निघतोच, निघू द्या. पण त्या दिवशी एक काकू मध्येच म्हणाल्या, “फौजेबरोबर बायकामुलंही होती ना? ती कुठल्या बाजूनं पळाली असतील?” आम्ही सगळे उठलो आणि तिसरी फेरी घातली.

१४ जानेवारीला इथं मानवंदनेसाठी गर्दी असते. तिलाही जरूर या, पण मुकी फेरी त्या दिवशी जमायची नाही. धुकं असलं तर दहानंतर निघा, आणि चहा जास्त आणा.