यॉर्कचे काका-पुतणे

इंग्लंडमधल्या जुन्या पाद्र्याची कारकीर्द शोधायची तर आधी खुर्ची शोधावी. माणूस तिच्यावर बसलेला सापडतो. कॅथीड्रलमधल्या प्रीबेंडरीच्या, म्हणजे तिथल्या मानकरी पाद्र्याच्या, आसनामागे बहुधा एखाद्या गावच्या जमिनीचे उत्पन्न असे आणि आसनाला नावही त्या गावाचेच. आपल्याकडच्या वतनासारखा मामला. उत्पन्न कुणाचे, कधीपासून, यावर तंटा नको म्हणून नोंदी ठेवाव्याच लागत. जॉन ल नीव्हने त्या चाळून १७१६ साली पदाधिकाऱ्यांच्या याद्या छापल्या. लंडनच्या इन्स्टिट्यूट ऑफ हिस्टॉरिकल रिसर्चने पुढे त्या नव्याने तयार केल्या.

‘ट्रिस्ट्रम शँडी’ लिहिणारा लॉरेन्स स्टर्न पाहा. जानेवारी १७४१मध्ये त्याला यॉर्कच्या कॅथीड्रलमध्ये गिव्हेंडेलचे आसन मिळाले. वर्षभरात ते सोडून तो नॉर्थ न्यूबाल्डच्या आसनावर गेला. का, कसा, हे यादी सांगत नाही. मात्र शेजारची पाने उलटली की त्याच काळात क्लीव्हलंडचा आर्चडीकन (बिशपच्या हाताखालचा वरिष्ठ पाद्री) म्हणून जॅक्स स्टर्न हे नाव दिसते. हा त्याचा काका. पद वंशपरंपरेने मिळत नसले तरी पुतण्याची सोय होत असे, हे मराठी वाचकाला वेगळे सांगायला नको! पुढे दोघांचे बिनसले. तेही यादीत नाही.

तारखांत एक मेख आहे. १७५२पूर्वी इंग्लंडचे सरकारी वर्ष २५ मार्चला सुरू होई. त्यामुळे मूळ दप्तरात ‘जानेवारी १७४०’ दिसले, तर आपल्या हिशेबाने ते १७४१. हे विसरलात तर माणूस दीक्षेआधीच बढती घेतो. १६४९ ते १६६० या काळात तर डीन, म्हणजे कॅथीड्रलचे प्रमुख, आणि त्यांची मंडळेच बरखास्त होती. तिथे रिकामी जागा दिसली, तर पाने गहाळ झाली असे समजू नये.

स्टर्नला डीकनची दीक्षा लिंकनच्या बिशपने दिली, पूर्ण पाद्रीपदाची चेस्टरच्या. अशा विखुरलेल्या नोंदी आता १५४० ते १८३५ या काळापुरत्या इंटरनेटवर एकत्र, फुकट पाहता येतात.

१७६८मध्ये स्टर्न वारला आणि नॉर्थ न्यूबाल्डचे आसन रिकामे झाले. यादीचे काम तिथे संपले. आदल्या वर्षी तो मुंबईतल्या कंपनी अधिकाऱ्याच्या बायकोवर, एलायझा ड्रेपरवर, जीव लावून बसला होता. तिच्यासाठी लिहिलेली रोजनिशी वाचायची तर कॅथीड्रलचे दप्तर मिटून ब्रिटिश लायब्ररी गाठावी.