आकडा फिरतो तेव्हा

जुन्या स्कूटरचा किलोमीटर मोजणारा मीटर अनेकांना आठवत असेल. पाच आकड्यांची पाच छोटी चाके. ९९९९९ पर्यंत मोजून झाले, की पुढच्या किलोमीटरला पाचही चाके एकदम फिरतात आणि ००००० दिसू लागते. म्हणून काही स्कूटर नवी होत नाही. जुनी गाडी विकत घेणारा जाणकार मीटर पाहतो, टायर पाहतो आणि इंजिनाचा आवाजही ऐकतो. संगणकाला मात्र ही जाण नसते. मीटरवर दिसते तेच त्याच्या लेखी खरे.

संगणकाच्या पोटातही असेच मीटर असतात. फरक एवढाच, की त्यांच्या प्रत्येक घरात शून्य किंवा एक हे दोनच अंक मावतात. अशी ३२ घरे दिली, तर सर्वांत मोठा आकडा होतो ४,२९,४९,६७,२९५. त्यात आणखी एक मिळवा, की पुन्हा शून्य. तंत्रज्ञ याला 'ओव्हरफ्लो' म्हणतात. आपण साध्या भाषेत 'आकडा फिरला' म्हणू.

सव्वाचारशे कोटींहून मोठा आकडा कशाला फिरतोय, असे वाटणे साहजिक आहे. आयुष्यभर नाणी मोजत बसलो तरी तो आपल्याच्याने पुरा व्हायचा नाही. पण संगणक आपल्या गतीने मोजत नाही. दर सेकंदाला १० लाख नोंदी मोजणाऱ्या यंत्राचा हा मीटर ७२ मिनिटांच्या आत फिरतो. सेकंदाचे हजार भाग करून वेळ मोजली, तर तो ४९ दिवस आणि १७ तासांत फिरतो.

आता हे ४९ दिवस लक्षात ठेवा. १४ सप्टेंबर २००४ रोजी अमेरिकेतल्या लॉस एंजेलिस परिसराच्या हवाई वाहतूक नियंत्रण केंद्रात संध्याकाळच्या सुमारास एकाएकी शांतता पसरली. सुमारे ४०० विमानांशी असलेला बोलण्याचा संपर्क तुटला. नियंत्रकांना पडद्यावर विमाने दिसत होती, पण वैमानिकांना 'उजवीकडे वळा' एवढे सांगण्याचीही सोय उरली नव्हती. पर्यायी यंत्रणा सुरू झाली, तीही कोलमडली. काही विमाने ठरलेल्या अंतरापेक्षा जवळ आली. टक्कर झाली नाही, हे नशीब आणि विमानातच बसवलेल्या धोकासूचक यंत्रांची मेहेरबानी.

कारण काय? संपर्कयंत्रणेतल्या संगणकात ३२ घरांचे एक घड्याळ होते. ते मिलिसेकंद मोजत शून्याकडे उतरत असे. शून्य आले, की यंत्रणा बंद. हा दोष ठाऊक होता. त्यावर उपाय असा ठरला होता, की दर ३० दिवसांनी कर्मचाऱ्याने यंत्रणा बंद करून पुन्हा सुरू करायची, म्हणजे घड्याळ नव्याने सुरू होईल. त्या खेपेला ते राहून गेले. दोष आकड्यांचा होता, पण त्याची राखण एका माणसाच्या आठवणीवर सोपवली होती.

मग खरा उपाय कोणता? त्यासाठी विहिरीवरचे राहाटगाडगे डोळ्यांसमोर आणू या. संगणकात घडणारी प्रत्येक बारीकसारीक गोष्ट, म्हणजे कळ दाबली, संदेश आला, फाइल उघडली, ही एकेका गाडग्यात भरली जाते. एक कार्यक्रम गाडगी भरतो, दुसरा ती रिकामी करतो. गाडगी मोजकीच, तीच फिरून फिरून वापरायची. भरणारा 'आजवर किती भरली' आणि उपसणारा 'आजवर किती उपसली' असे दोन आकडे ठेवतात. दोन्ही आकडे कधी ना कधी फिरणारच.

चूक होते ती इथे. प्रोग्राम लिहिणारा सहज लिहून जातो: भरलेल्यांचा आकडा उपसलेल्यांच्या आकड्यापेक्षा मोठा असेल, तरच काम शिल्लक आहे. वर्षभर हे बिनबोभाट चालते. एक दिवस भरणाऱ्याचा आकडा फिरून ५ वर येतो आणि उपसणारा अजून ४२९ कोटींच्या घरात असतो. संगणक म्हणतो, पाच लहान, तेव्हा काम संपले. आणि भरलेली गाडगी तशीच पडून राहतात.

आपण रोजच्या व्यवहारात ही चूक करत नाही. रात्री ११ वाजता सुटलेली एसटी २ वाजता पोचली, तर दोन हे अकराहून लहान, म्हणून गाडी सुटण्याआधीच पोचली, असे कुणी म्हणत नाही. तीन तास लागले, असेच आपण म्हणतो. म्हणजे आपण दोन आकड्यांत लहानमोठे पाहत नाही, त्यांतले अंतर पाहतो. संगणकालाही तेच शिकवायचे. फिरत्या आकड्यांची थेट तुलना करायची नाही. वजाबाकी करायची आणि ती त्याच ३२ घरांत करायची. मग आकडा फिरलेला असला तरी अंतर बरोबर येते.

एक पथ्य मात्र आहे. घड्याळाने मध्ये पुरा फेरा मारला असेल, तर तीन तास की पंधरा, हे नुसत्या काट्यांवरून कळत नाही. म्हणून उपसणाऱ्याने फार मागे पडता कामा नये. पडलाच आणि जुन्या नोंदींवर नव्या लिहिल्या गेल्या, तर किती हरवल्या हे प्रामाणिकपणे नोंदवायचे. अपुरी वही पुरी म्हणून दाखवण्यासारखी फसवणूक दुसरी नाही.

घरे वाढवणे हाही मार्ग आहेच. ६४ घरांचा मीटर सेकंदाला १० लाख या गतीने फिरायला ५ लाख ८४ हजार वर्षे लागतील. पण जुनी यंत्रे, जुन्या फाइली, ठरून गेलेले नमुने एका दिवसात बदलत नाहीत. १ जानेवारी १९७० पासून सेकंद मोजणारे ३२ घरांचे घड्याळ आजही काही यंत्रांत आहे. त्यातले एक घर उणे-अधिक या चिन्हात जाते. १९ जानेवारी २०३८ रोजी भारतीय वेळेनुसार सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंदांनी ते भरेल आणि पुढच्याच सेकंदाला १९०१ सालचा डिसेंबर दाखवू लागेल.

लिनक्स या संगणकप्रणालीच्या कर्त्यांनी यावर नामी युक्ती योजली. त्यांचा ३२ घरांचा ठोके मोजणारा आकडा शून्यापासून सुरूच होत नाही. यंत्र सुरू केल्यावर पाच मिनिटांतच तो फिरेल, अशा ठिकाणाहून मुद्दाम सुरू केला जातो. चूक असलीच, तर ती महिन्या-दोन महिन्यांनी मध्यरात्री उघडी पडण्यापेक्षा चाचणी घेणारा समोर बसलेला असतानाच पडावी. आजारी पडायचेच, तर डॉक्टर घरात असताना पडलेले बरे!

जपमाळ असो की तसबीह, मणी मोजकेच असतात. माळ फिरणार हे जपणाऱ्याला आधीपासून ठाऊक असते. म्हणून मेरुमणी आला की तो गोंधळत नाही; किती माळा झाल्या, हे दुसऱ्या हाताच्या पेरांवर धरतो. आकडा फिरण्यात कमीपणा नाही. तो फिरणारच नाही, असे गृहीत धरण्यात धोका आहे. आणि ज्या यंत्राच्या भरवशावर माणसे आकाशात आहेत, तिथे तो धोका कुणाच्या आठवणीवर सोडून चालत नाही.

(रेडिओवरील भाषणाचा संपादित अंश)