हाडाच्या पेशी आणि संशोधनाचा धीर

एखाद्याचा गौरव करताना 'तो हाडाचा शिक्षक आहे' असे आपण म्हणतो. जे पक्के, न बदलणारे, ते हाडाचे, असा यामागील समज. शरीरशास्त्र मात्र वेगळेच सांगते. हाड ही सदैव मोडत आणि घडत असलेली जिवंत ऊती आहे. काही पेशी जुने हाड पोखरतात, तर काही नवे रचतात. उतारवयात या हिशेबात जमेपेक्षा खर्च वाढला की हाडे ठिसूळ होतात. मग न्हाणीघरात पाय घसरल्याचे निमित्त पुरते आणि खुब्याचे हाड मोडते. 'कॅल्शियम कमी पडले' एवढ्यावर आपले निदान संपते. परंतु कॅल्शियम हा केवळ बांधकामाचा माल आहे. बांधकाम कसे चालते हे जाणून घ्यायचे, तर पेशी घडवीत असलेल्या प्रथिनांकडे वळावे लागते.

हाडातील क्षार आम्लात विरघळवले तर मागे लवचिक सांगाडा उरतो. त्यातील सुमारे 90 टक्के प्रथिन म्हणजे कोलॅजन. उरलेल्या दहाव्या हिश्श्यात कितीतरी निरनिराळी प्रथिने दडलेली असतात. 1975 साली बॉस्टनमध्ये हॉश्का, लिअन आणि गॅलप यांना, तर 1976 साली कॅलिफोर्नियात पॉल प्राइस आणि त्यांच्या सहकाऱ्यांना, या हिश्श्यात एक चिमुकले प्रथिन आढळले. पुढे ते 'ऑस्टिओकॅल्सिन' या नावाने ओळखले जाऊ लागले. गुरांच्या हाडातून वेगळे केलेल्या या प्रथिनात अवघी 49 अमिनो आम्ले. त्यांपैकी काहींची घडण अशी, की कॅल्शियम त्यांना धरून राहते. आणि त्या घडणीसाठी रक्त गोठण्यास लागणारे 'के' जीवनसत्त्वच आवश्यक असते.

येथे एक मूलभूत प्रश्न उभा राहतो. हाडात सापडलेले प्रथिन हाडानेच घडविले, हे कशावरून? घरात गहू सापडला म्हणजे तो घरातच पिकला असे होत नाही. ही शंका काल्पनिक नव्हती. हाडात मुबलक आढळणारे एक प्रथिन वस्तुतः यकृतात तयार होते, रक्तावाटे येते आणि हाडातील क्षारांना चिकटून बसते.

या शंकेचे निरसन करण्याचा मार्ग म्हणजे हाडाच्या पेशी शरीराबाहेर वाढविणे. बशीत पोषकद्रव घालून, शरीराइतक्या उष्णतेत पेशी जोपासायच्या आणि त्या द्रवात काय सोडतात ते शोधायचे. हे काम वाटते तितके सोपे नाही. पेशी वाढाव्यात म्हणून पोषकद्रवात बहुधा वासराच्या रक्तातील सीरम घालतात आणि त्यात स्वतःचीच असंख्य प्रथिने असतात. पेशींनी केलेले अत्यल्प प्रथिन त्या गर्दीतून अलग करणे म्हणजे बाजारच्या कोलाहलात एकाच माणसाचा आवाज ओळखणे. त्यासाठी आकारानुसार व विद्युतभारानुसार रेणू वेगळे करणाऱ्या नळ्यांतून तो द्रव पुनःपुन्हा न्यावा लागतो. नेमके तेच प्रथिन ओळखणारी प्रतिपिंडे तयार करावी लागतात.

1980 साली निशिमोतो आणि प्राइस यांनी उंदराच्या अस्थिकर्करोगातील पेशी वाढवून दाखवून दिले, की ऑस्टिओकॅल्सिन त्या स्वतःच घडवितात आणि बाहेर सोडतात. पेशींच्या आत त्याचे किंचित मोठे पूर्वरूपही मिळाले. त्याच वर्षी असेही दिसले, की 'डी' जीवनसत्त्वाचे क्रियाशील रूप दिल्यास या पेशींतील निर्मिती वाढते. 1985 साली आढळले, की रक्त पातळ ठेवणारे वॉरफरिन हे औषध दिले तर प्रथिन पेशींतच साचून राहते. हृदयरोग्याच्या गोळीचा हाडाच्या पेशीशी संबंध असू शकेल, हे बशीतल्या प्रयोगाविना इतक्या स्पष्टपणे कळले नसते.

तथापि येथेच सावध राहिले पाहिजे. बशीतील पेशी म्हणजे शरीर नव्हे, आणि त्या तर कर्करोगाच्या पेशी. 1996 साली हे प्रथिन मुळीच नसलेले उंदीर तयार करण्यात आले. त्यांची हाडे दुबळी निघतील अशी कोणाचीही अटकळ असती. प्रत्यक्षात त्यांत हाडाची निर्मिती अधिक झाल्याचे आढळले. 2007 साली याच प्रथिनाचा रक्तशर्करेवर ताबा चालतो असे प्रतिपादन झाले. 2020 साली दोन स्वतंत्र गटांना आपल्या उंदरांत तसे काही आढळले नाही. वाद मिटलेला नाही.

मग या सायासाचे फलित काय? रक्तातील ऑस्टिओकॅल्सिन मोजून हाडबांधणीच्या वेगाचा अंदाज घेता येतो, हे एक फलित. पण त्याहून मोठे म्हणजे, प्रथिन सापडणे, ते कोठे घडते हे कळणे आणि त्याचे कार्य समजणे या तीन वेगळ्या पायऱ्या आहेत, याची जाणीव. औषधांच्या जाहिराती पहिल्या पायरीवरून थेट तिसरीवर उडी मारतात. जीवनसत्त्वाचे नाव हाडाशी जोडले गेले, की गोळी बाजारात येते. आणि वॉरफरिन घेणाऱ्याने 'के' जीवनसत्त्व परस्पर सुरू केले तर त्याच्या जिवाला धोका पोहोचू शकतो.

'याचा उपयोग काय?' हा प्रश्न प्रयोगशाळेला अनुदान देताना आपण तत्काळ विचारतो. तोच प्रश्न गोळी विकत घेताना, तितक्याच कठोरपणे, विचारला तर संशोधनाचेही भले होईल आणि आपल्या हाडांचेही.