अर्धा गुण

बुद्धिबळात जिंकणाऱ्याला एक गुण, हरणाऱ्याला शून्य आणि डाव बरोबरीत सुटला तर दोघांना अर्धा-अर्धा. सांगली हे या खेळाचं जुनं गाव. भाऊसाहेब पडसलगीकरांनी तिथे अनेक मुलं घडवली. महिला ग्रँडमास्टर स्वाती घाटे सांगलीच्याच. साताऱ्याहून तिथे खेळायला गेलेली मुलगी ‘बरोबरी’ घेऊन परतली, की घरात कुणीतरी म्हणतंच, ‘म्हणजे जिंकली नाहीसच ना?’

हा अर्धा गुण कसा मिळतो ते पाहू. समजा, मुलीची सगळी फौज संपली, एकटा राजा उरला. समोर राजा, एक उंट आणि पटाच्या अगदी कडेचं प्यादं. ते शेवटच्या घरात पोचलं की वजीर होणार. बघणारे म्हणतील, संपलं! पण ते शेवटचं घर काळं असेल, उंट पांढऱ्या घरांवरून फिरणारा असेल आणि मुलीचा राजा आधीच त्या कोपऱ्यात जाऊन बसला असेल, तर त्याला तिथून कुणी हुसकू शकत नाही. शह न देता कोंडलं तर त्याला चालच उरत नाही, आणि डाव बरोबरीत सुटतो. मात्र हे कितीतरी चाली आधी ओळखून राजा त्या कोपऱ्याकडे पळवावा लागतो. याला नशीब कसं म्हणायचं?

शह, मात, वजीर हे शब्द ज्या शतरंजमधून आपल्याकडे आले, तिथे ही सवलत नव्हती. अब्बासी काळात बगदादच्या दरबारात अस्-सूली खेळायचा, तेव्हा कोंडला गेलेला राजा हरलाच समजत.

पंजाबचे मीर सुलतान खान देशी नियमांवरच वाढले. 1929 मध्ये ते विलायतेला गेले आणि त्याच वर्षी ब्रिटिश विजेते झाले. 1931 च्या प्राग ऑलिम्पियाडमध्ये त्यांनी जगज्जेत्या अलेखाइनला बरोबरीत रोखलं. त्यांना कुणी ‘जिंकला नाहीतच ना?’ असं विचारलं नसावं.

एकच स्थिती तिसऱ्यांदा पटावर आली, किंवा दोघांच्या पन्नास-पन्नास चालींत ना प्यादं हललं ना कुठला मोहरा मारला गेला, तरीही बरोबरी मागता येते. पण पंचांना पुरावा लागतो, म्हणून प्रत्येक चाल कागदावर लिहायची. तो कागद मुलीच्या पिशवीत असेल. जेवणं झाली की तिला डाव पटावर मांडायला सांगा आणि विचारा, राजा कोपऱ्याकडे कधी वळवलास?